स्टेपनीचा मोसम

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. मोसमातली सोळावी आणि शेवटची स्पर्धा, पहिला दिवस, गोल्फच्या मैदानावरची पहिली टी, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात ती कापून सपाट केलेली जागा. वारा नाही, पाऊस नाही, धुकं नाही. हजर माणसं सात. एवढं सगळं माझ्या वहीत आहे, तारखेसकट आहे, आणि तरी तुम्हाला सांगतो, गेले तीन महिने जो भेटतो तो मलाच ऐकवतो, "अहो, किती ताणायचं ते? गोल्फच ना शेवटी?" गोल्फच ना शेवटी! म्हणजे काय? गोल्फ खेळणाऱ्याला काळीज नसतं? त्याच्या जागी तिथे हिरवळ असते का, बारीक कापलेली, मध्ये झेंडा रोवलेला?

आणि मी मागतोय काय? एक प्रश्न विचारतोय. एक! एकतीस वर्षं बातमीदारी केली, मंत्र्याला विचारलं, कारखानदाराला विचारलं, एका नगराध्यक्षाला तर त्याच्या मुलीच्या लग्नात, अक्षतांच्या ऐन वेळी विचारलं, हाकलून दिलं मला, पण उत्तर घेऊन बाहेर पडलो. आता ह्या वयात गप्प बसू? विचारायला नको? तुम्हीच सांगा, विचारायला नको का?

बरं, मी गोल्फवर कसा, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या नगराध्यक्षामुळेच. संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान संपादक, खुर्ची मात्र माझ्याहून जुनी, आणि एकदम मायेच्या आवाजात, "तुम्ही ना, दमलाय. जरा मोकळ्या हवेत जा." मला वाटलं रजा देतायत. कसली रजा! व्यावसायिक गोल्फची प्रादेशिक टूर! नाव ऐकून वाटतं, काय थाट असेल... थाट! मोठ्या टूरवर ज्यांची वर्णी लागली नाही असे ऐंशी-नव्वद लोक, आठवड्याला एक गाव, डिकीत बॅगा, मागच्या काचेला वाळत घातलेले मोजे, दोन पलंगांच्या खोलीत तिघे, आणि प्रेक्षक? पाचव्या स्पर्धेला मी मोजले. अकरा. त्यातले सहा नातेवाईक, चार वाट चुकलेले, आणि एक गवत कापायच्या मशीनचा ड्रायव्हर, तो मशीन बंद पडलं म्हणून थांबला होता. आणि बातमीदार? एक. समोर उभाय तुमच्या.

तर पहिल्याच स्पर्धेला, सकाळी साडेसहाला, मी पहिल्या टीवर गेलो. दोरीच्या बाहेर एक माणूस उभा. त्रेचाळीस-चव्वेचाळिशीचा, इस्त्रीची पँट, टोपी, एका हातात ग्लोव्ह. तीन खेळाडू आले, ह्याने ग्लोव्ह चढवला. तिघांची नावं पुकारली, तिघांनी फटके मारले, निघून गेले. ह्याने ग्लोव्ह काढला, नीट घडी केली, खिशात. दहा मिनिटांनी पुढचे तिघे. ह्याने ग्लोव्ह चढवला. तिघे गेले. काढला. घडी. खिशात. मी म्हटलं, हा वेडा आहे किंवा ह्याच्यात बातमी आहे. गेलो जवळ. म्हटलं, "तुम्ही कोण?"

म्हणाला, "मी पहिला राखीव."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून कोणी नाही."

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत इतकं खरं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

तर राखीव म्हणजे काय. स्पर्धेत जागा साठ. क्रमवारीत ज्याचा नंबर एकसष्ट, तो पहिला राखीव. त्याने काय करायचं? पहिल्या तिघांपासून शेवटच्या तिघांपर्यंत, सहा-चाळीसपासून नऊ-पन्नासपर्यंत, पूर्ण तयारीत टीजवळ उभं राहायचं. कुणाची कमर धरली, पोट बिघडलं, गाडी बंद पडली, तर ह्याचं नाव पुकारायचं, ह्याने त्याच क्षणी आत जाऊन फटका मारायचा. नाही पुकारलं तर? बॅग उचलायची, पुढच्या गावी जायचं, पुढच्या आठवड्यात परत उभं राहायचं. टूरवर सगळे त्याला स्टेपनी म्हणायचे. तोंडावर! "काय स्टेपनी, हवा भरलीय ना?" आणि हा हसायचा. मला राग यायचा, ह्याला यायचा नाही. म्हणायचा, "दादा, स्टेपनी आहे म्हणून गाडीवाला बिनधास्त चालवतो की."

हा एकसष्टावा का? खेळ वाईट? अजिबात नाही. दोन वर्षांपूर्वी हा क्रमवारीत अठरावा होता. मग वहिनींचं मणक्याचं ऑपरेशन झालं. आता सांगा, त्यांना उठवायचं कोणी, बसवायचं कोणी, केस कोण विंचरणार? हाच. अख्खा मोसम घरी. परत आला तेव्हा अठराव्याचा एकसष्टावा. क्रमवारीचं यंत्र आहे, त्याला बायकोचा मणका कुठे दिसतो?

आणि टूरचा नियम असा, की मोसमात किमान सहा स्पर्धा खेळला तर पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवाना, टिकतं. सहा नाही झाल्या तर कार्ड गेलं. मग पात्रता फेरी, विशीतल्या पोरांबरोबर, जी चेंडूला असा तडाखा देतात की चेंडू शोधायला दुसऱ्या पोलीस ठाण्याची हद्द लागते. ह्याचा गुडघा चव्वेचाळीस वर्षांचा. पात्रता फेरी म्हणजे कारभार आटोपला. बरं, 'खेळला' म्हणजे काय? नियमात स्पष्ट लिहिलंय: एक फटका. पहिल्या टीवरून एक फटका मारला की स्पर्धा धरली. दुसऱ्या फटक्याला कोसळलात तरी चालेल!

पंधरा स्पर्धा संपल्या तेव्हा ह्याच्या झाल्या होत्या पाच. मोजा. पाच. उरली एक स्पर्धा, हवा एक फटका.

आता तुम्ही म्हणाल, पंधरात पाचच कशा? अहो, ह्याच्या स्वभावामुळे! सांगतोच. राखीवांचे काही रिवाज असतात, कुठे लिहिलेले नाहीत, पण पाळायचे. टीपासून आठ पावलं लांब उभं राहायचं. बॅग खांद्यावर घ्यायची नाही, जमिनीवर ठेवायची, नाहीतर गिधाडासारखं दिसतं. कुणाला तब्येत विचारायची नाही. कुणी शिंकलं तर दुसरीकडे बघायचं. आणि सगळ्यात मुख्य, स्टार्टरला, म्हणजे नावं पुकारणाऱ्याला, कधीही विचारायचं नाही की कोणी आलं नाही का. का? तर हॉस्पिटलमध्ये जाऊन कॉट कधी रिकामी होणार असं विचारल्यासारखं होतं ते. ठीक आहे, मी समजू शकतो. पण ह्याने काय करावं? नवव्या स्पर्धेला एक लांबट खेळाडू आला, कमर धरून, तोंड वाकडं, वाकता येईना. मी मनात म्हटलं, आली! स्टेपनीची जागा आली! आणि हा काय करतो? बॅगेतून मलम काढतो! त्या माणसाला बाकावर पालथा घालतो, पंधरा मिनिटं त्याची कमर चोळतो, वर विचारतो, "इथे का? का जरा खाली?" आणि तो लांबट उठतो, टुणकन उडी मारतो, आत जातो, फटका मारतो! मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "अरे बाबा, तुझी जागा होती त्या कमरेत! स्वतःच्या हाताने बुजवलीस!"

तर म्हणतो, "दादा, मणक्याचं दुखणं मी घरी बघितलंय."

आता काय बोलायचं ह्यावर? तुम्ही काय बोलला असतात?

असो. येतो मुद्द्यावर. सोळावी स्पर्धा. दुसरा राखीव, तिसरा राखीव, सगळे घरी गेलेले, शेवटच्या गावाला कोण येतो उभं राहायला? हा एकटा आला. आदल्या दुपारी मला म्हणाला, "वहिनी म्हणाली, उद्या फोन करणार नाही, तुमचं लक्ष उडेल." म्हणजे तुमची वहिनी असं त्याला म्हणायचं होतं, माझ्याशी बोलताना तो बायकोला वहिनीच म्हणायचा, गोड माणूस. मी म्हटलं, "साठ जणांत एकाला तरी उद्या सर्दी होऊ दे." तर माझ्या तोंडावर हात ठेवला त्याने. खरंच ठेवला!

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मी क्लबहाऊसच्या कॉरिडॉरमध्ये, स्पर्धेच्या ऑफिसबाहेर. दार उघडं. आत एक तरुण खेळाडू, चांगल्यापैकी नाव झालेला, मनगटाला बर्फाची पिशवी बांधलेला, माघारीच्या कागदावर डाव्या हाताने सही करतोय. बाहेर आला. म्हणाला, "काका, नाही जमत. पडलो बाथरूममध्ये. सात-चाळीसच्या गटात होतो. सांगितलंय ऑफिसला." मी त्याच्या मनगटाकडे बघितलं... देवाशप्पथ सांगतो, लाज वाटते सांगायला, मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

सात-चाळीस! अर्धा तास हातात! जागा रिकामी! आणि मी काय केलं? आता नीट ऐका, कारण दुसऱ्यांना शिव्या घालायच्या तर आधी स्वतःचा नंबर लावायला हवा. मी धावत वरच्या मजल्यावर गेलो. प्रेसरूममध्ये. बातमी टाकायला! एकटा बातमीदार, स्पर्धा कुणाशी नाही, तरी घाई कसली तर पहिला असण्याची! सात-अठराला बातमी गेली. काय लिहिलं? "मनगटाच्या दुखापतीमुळे अमुक खेळाडूची माघार, त्याच्या जागी पहिला राखीव खेळाडू मैदानात." मैदानात! अजून उतरायचा होता, मी उतरवून मोकळा! एकतीस वर्षं नव्या पोरांना शिकवलं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय झालं असं लिहू नका, आणि स्वतः?

बघितलं म्हणा. खिडकीतून. प्रेसरूमच्या खिडकीतून पहिली टी दिसते, दोनशे पावलं. सात-अडतीसला बघितलं तर हा ग्लोव्ह चढवत होता. मला वाटलं, पुकारलं! झालं! डोळे भरून आले हो माझे, चष्मा काढून पुसला, खाली बसलो. आणि हा ग्लोव्ह तर प्रत्येक गटाला चढवायचा! मी पंधरा स्पर्धा त्याच्या शेजारी उभा राहून बघितलेलं! मला माहीत नव्हतं का? खिडकी उघडून एक हाक मारली असती तर? "अरे, तुझी जागा आलीय, विचार!" एवढंच. विचारायला नको? मी, जो लग्नाच्या मांडवात विचारतो, त्याने त्या दिवशी खिडकी उघडली नाही.

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, नवव्या होलवर जाऊन उभं राहू, तिथून तो गट जाईल तेव्हा टाळी वाजवू. गेलो. ऊन चढत होतं. दहाला दहा कमी असताना तो गट आला. दोघे. मी मागे बघतो, झाडाआड बघतो, म्हटलं चेंडू शोधत असेल तिसरा. कोणी नाही. त्यातल्या एकाला विचारलं, "तिसरा कुठे?" तो म्हणाला, "आम्ही दोघेच निघालो. राखीव नव्हता म्हणे." नव्हता म्हणे!

मी पळालो. माझं वय बघा, पोट बघा, आणि मी पळालो, मैदान तुडवत, एक जण माझ्या अंगावर ओरडला, "ओ काका, फटका चाललाय!" म्हटलं, चालू दे! पोचलो तेव्हा शेवटचा गट निघून गेलेला. हा बॅगेची चेन लावत होता. मला बघून हसला. आणि काय म्हणाला माहितीये?

"दादा, बरं झालं. आज कुणालाच काही झालं नाही."

...थांबा जरा.

त्याला काय सांगायचं? कसं सांगायचं? मी म्हटलं, "सात-चाळीसला दोघेच गेले, तू बघितलंस ना?"

"बघितलं की."

"मग?"

"मला वाटलं, तिसरा येतोय मागून, पाच मिनिटांची सूट असते. दोरीपर्यंत गेलो होतो मी, दादा. स्टार्टरनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं. मग दोन नावं पुकारली. मी म्हटलं, कागदात काहीतरी असेल."

"मग विचारलं का नाहीस?"

"असं विचारतात का, दादा?"

मी सांगितलं त्याला. मनगट, बर्फ, सात-दहा, सगळं. तो बाकावर बसला. तसलाच बाक, ज्यावर लोकांच्या कमरा चोळायचा. बॅगेतून फोन काढला, टीजवळ फोन बंद ठेवायचा असतो, तो सुरू केला. वहिनींचा मेसेज. सात-बावन्नचा. त्यांनी माझी बातमी वाचली होती. सगळ्या जगात ती एकाच माणसाने वाचली होती, आणि ते माणूस हे! मेसेज काय, तर, "बातमी आली! पहिला कसा गेला? आता बघू नका, नंतर सांगा."

त्याने मेसेज परत एकदा वाचला. मग एका बोटाने टाइप केलं, "सरळ."

तुम्हाला सांगतो, मी दंगली बघितल्यात, पूर बघितलाय. त्या एका शब्दाने मी जो मोडलो...

मग तो गाडीत जाऊन बसला, पार्किंगमध्ये, सीट सरळ करून, खेळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसायचं म्हणून. बाराला पुन्हा मेसेज, "किती झाले?" ह्याने उत्तर दिलं, "चार जास्त." म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा चार जास्त. चार जास्त! अरे माणसा, खोटंच सांगतोयस ना, मग पाच कमी सांग! सहा कमी सांग! विक्रम सांग! खोट्यातसुद्धा ह्याने चार फटके जास्त घेतले! मी विचारलं तर म्हणतो, "दादा, ह्या ग्रीन्सवर, झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर, मला चार जास्तच लागले असते."

आणि वहिनी? पंधरा दिवसांनी मी घरी गेलो माफी मागायला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला अकरालाच कळलं होतं. निकालाच्या पानावर त्यांच्या गटात दोनच नावं होती."

"मग बाराला का विचारलंत?"

"दिवसभर गाडीत एकटे बसले असते ना. कुणीतरी खेळ विचारलेला बरा."

आणि मग, आतल्या खोलीकडे बघून, हळू आवाजात, "माझ्या पाठीपायी झालं हो सगळं." मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या पाठीने काही केलेलं नाही. चिठ्ठी आली नाही." चहा पुढ्यात निवत गेला, तसाच सोडून आलो.

तर आता चिठ्ठी. त्या सकाळी सव्वादहाला मी स्टार्टरकडे गेलो. निवृत्त पोस्टमास्तर, स्वच्छ माणूस, छत्री, दुर्बीण, लाल पेन. म्हणाले, "हे बघा, मला ऑफिसातून चिठ्ठी आली तर मी पुकारतो. चिठ्ठीशिवाय मी माझ्या बायकोचंही नाव घेत नाही."

"अहो, पण माणूस समोर उभा होता! आठ पावलांवर!"

"उभा होता. रोजच असतो."

"आणि तिसरा खेळाडू नव्हता!"

"नव्हता. ती ऑफिसची बाब."

ऑफिसात गेलो. तिथल्या बाई, डोळे स्क्रीनवर. "चिठ्ठी गेली."

"कोणाबरोबर?"

"गेली."

"कोणाच्या हातात दिली?"

"सर, चिठ्ठी गेलेली आहे. शिवाय वॉकीटॉकीवर सांगितलंय."

परत स्टार्टर. "वॉकीटॉकी? तो बंद असतो. खेळाडू फटका मारताना आवाज नको म्हणून. ऑफिसचीच सूचना आहे." परत ऑफिस. "हो, ती सूचना आमचीच." मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही बंद ठेवायला सांगितलेल्या वॉकीटॉकीवर तुम्ही सांगितलंत?" तर बाई म्हणतात, "आम्ही आमच्याकडून सांगितलं." आमच्याकडून! मी म्हटलं, "बरं, आता द्या त्याला खेळायला. टी तिथेच आहे, माणूस तिथेच आहे, एक फटका मारू द्या, एक! मी चेंडू आणून देतो!" "सर, गट निघून गेलाय. गटाशिवाय खेळता येत नाही." "मी येतो गटात!" "सर, तुम्ही पत्रकार आहात."

संपादकांना फोन केला, म्हटलं दुरुस्ती छापा, आणि चौकशीची बातमी देतो. ते म्हणाले, "अहो, एवढीशी चूक, कोण वाचतं गोल्फ?" मी फोन ठेवला. कोण वाचतं ते मला माहीत होतं.

मग समिती बसली. मीच अर्ज केला, हा करत नव्हता, "सोडून द्या हो दादा, लोकांना त्रास," म्हटलं, तू सोड, मी नाही. लांब टेबल, तीन जण, पाण्याच्या बाटल्या, मध्ये अध्यक्ष. ह्याला समोर बसवलं, इस्त्रीची पँट, टोपी मांडीवर. आणि अध्यक्षांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"तुम्ही विचारलं का नाही?"

मी उठलोच! मला बोलायची परवानगी नव्हती, तरी उठलो. खिशातून काढलं राखीव खेळाडूंचं माहितीपत्रक, ह्यांनीच छापलेलं, वाचून दाखवलं: "सूचना नऊ. राखीव खेळाडूंनी स्टार्टरकडे वारंवार विचारणा करू नये." अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "वारंवार नको म्हटलंय. एकदा विचारायला कोणाची हरकत होती?" आणि तुम्हाला काय सांगू, ह्याने मान हलवली! म्हणाला, "बरोबर आहे सर. एकदा विचारायला हवं होतं." त्यांच्याच बाजूने! तीन जणांची समिती, त्याने चौथं मत देऊन टाकलं!

कार्ड गेलं. पात्रता फेरीचा अर्ज त्याने भरला नाही. मी फॉर्म आणून दिला होता, पेनसुद्धा दिलं होतं, ते पेन परत केलं. हल्ली तो एका सरावाच्या मैदानावर शिकवतो. ऑफिस सुटलेले लोक येतात, टाय सैल करून चेंडू बडवतात, हा मागे उभा राहून सांगतो, "खांदा सैल. घाई नको." परवा गेलो होतो. एका गृहस्थाने फटका मारला, वेडावाकडा, जाळीत. हा म्हणाला, "छान, पुढच्या वेळी जाईल." मी म्हटलं, "तू का नाही मारत एखादा?" हसला. म्हणाला, "दादा, इथे मला पुकारत नाहीत."

पहिल्यांदाच टोमणा मारला हो त्याने. सगळ्या मोसमात पहिल्यांदा! आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू... मग घरी येताना गाडी बाजूला घ्यावी लागली.

तर मी सोडलेलं नाही. विचारायला नको? मी समितीकडे त्या दिवसाच्या मूळ कागदाची प्रत मागितली. नाही म्हणाले. परत मागितली. सुट्टी आहे म्हणाले. परत मागितली. सातव्या अर्जाला दिली, कंटाळून. एकच पान. वरच्या ओळीत मनगटवाल्याची माघार, डाव्या हाताची वाकडी सही, वेळ सात वाजून दहा मिनिटं. ती मी स्वतः होताना बघितलीय. त्याच्या खाली, वेगळ्या अक्षरात, दुसऱ्या पेनने, एक ओळ: "राखीव खेळाडू: पुकारले, हजर नाही." आणि पुढे वेळ. सात वाजून पाच मिनिटं.

सात-पाच! म्हणजे जागा रिकामी व्हायच्या पाच मिनिटं आधी, त्या जागेसाठी ह्याला पुकारून झालं होतं आणि हा आला नव्हता!

कागद घेऊन फिरलो. स्टार्टर म्हणतात, अक्षर माझं नाही, मी लाल पेन वापरतो. बाई म्हणतात, माझं नाही, मी सगळं टाइप करते. अध्यक्ष म्हणाले, घड्याळ पुढेमागे असेल. असेल बुवा. त्याला दाखवला, त्याने वाचला, घडी घालून परत दिला, म्हणाला, "सात-पाचला मी पाणी प्यायला गेलो होतो का, आठवत नाही, दादा." अजून स्वतःतच चूक शोधतोय! आठवा अर्ज दिलाय मी. पोच आली. पोचेवर वेळ अगदी बरोबर घातलीय, मिनिटाचाही फरक नाही. ते सात-पाचचं अक्षर कुणाचं, ते मात्र आजच्या तारखेपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही.